दूधदातांची डागडुजी : सिमेंट, चांदी की टोपी?

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासासाठी)

पहिली ते चौथीच्या मुलांची तोंडे शिक्षक रोज जवळून पाहतो. वाचनाच्या तासाला मूल तोंड उघडते, तेव्हा त्याच्या उच्चारांबरोबर त्याचे दातही दृष्टीस पडतात. एखाद्याच्या दाढेला खळगा पडलेला असतो, एखाद्याच्या पुढच्या दातांचे नुसते काळे खुंट उरलेले असतात, एखादे मूल एकाच बाजूने चावते. यांपैकी बहुतेक दात दुधाचे असतात आणि ‘ते पडायचेच आहेत’ या एका वाक्यावर घरोघर त्यांचा विचार संपतो.

दात किडू नयेत म्हणून काय करावे, हा पाठ आरोग्यशिक्षणात येतोच. प्रस्तुत लेखात त्यापुढचा प्रश्न घ्यावयाचा आहे. दूधदात किडलाच, तर त्यात काय भरावे, अथवा त्यावर कोणती टोपी चढवावी? हा निर्णय दंतवैद्याचा व पालकांचा आहे, शिक्षकाचा नव्हे. तथापि दवाखान्यातून परतलेला पालक आपली शंका पुष्कळदा शिक्षकापुढेच मांडतो. ‘डॉक्टर स्टीलची कॅप म्हणतात, करू का?’ असे कोणी विचारले, तर त्याला समजूतदार उत्तर देता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. दाताचे उरलेले आयुष्य

दूधदात एकूण २० असतात. साधारणपणे सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व येतात. ते पडतात मात्र एकाच वेळी नव्हे. पुढचे पटाशीचे दात ६ ते ८ वर्षांच्या दरम्यान पडतात. पहिली दूधदाढ ९ ते ११ व्या वर्षी, सुळे ९ ते १२ च्या दरम्यान आणि दुसरी दूधदाढ १० ते १२ व्या वर्षी पडते.

आता एक साधे गणित करून पाहावे. साडेचार वर्षांच्या मुलाची दुसरी दूधदाढ किडली आहे. ती साडेदहाव्या वर्षी पडेल असे धरले, तरी तिला अजून सहा वर्षे काम करावयाचे आहे. अंगणवाडीतून निघून पाचवीत जाईपर्यंतचा हा काळ आहे. याउलट, सात वर्षांच्या मुलाचा पुढचा दूधदात हलू लागला असेल, तर त्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच उरले आहे. दोन्ही दात दुधाचेच असले, तरी पहिल्याची डागडुजी अगत्याची आहे व दुसऱ्याची बहुधा अनावश्यक आहे. ‘पडायचाच आहे’ हे विधान खरे असले, तरी ‘केव्हा पडायचा आहे’ हे विचारल्याखेरीज त्याचा उपयोग नाही.

दूधदाढ वेळेपूर्वी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. दाढेच्या मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते. शिवाय ठणकणाऱ्या दाढेने रात्रीची झोप जाते, जेवण कमी होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसलेले मूल केवळ देहाने तेथे असते.

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दूधदाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती कोणत्याही दूधदाताच्या जागी येत नसल्यामुळे, कोणताही दात न पडता ती तोंडात दिसू लागते आणि पालक तिलाही दुधाची समजतात. ती दाढ कायमची आहे आणि तिला जन्मभर पुरावयाचे आहे. पुढे सांगितलेले दूधदातांचे नियम तिला लावू नयेत. तीत खळगा अथवा काळी रेघ दिसली, तर विनाविलंब दंतवैद्याकडे पाठवावे.

२. दूधदाताची घडण

दूधदात म्हणजे कायमच्या दाताची केवळ लहान प्रतिकृती नव्हे. त्याचे वरचे कठीण कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, ते कायमच्या दाताच्या कवचाच्या मानाने निम्म्याच्या आसपास जाडीचे असते. आतील जिवंत गाभा, ज्यात नसा व रक्तवाहिन्या असतात, तो मात्र दाताच्या आकाराच्या मानाने मोठा असतो. त्यामुळे कीड कवच भेदून गाभ्यापर्यंत लवकर पोहोचते. वरून टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे छिद्र आत पुष्कळ पसरलेले असू शकते.

दुसरी गोष्ट अशी की, दोन दूधदाढा एकमेकींना रुंद पृष्ठभागाने टेकलेल्या असतात. त्यांच्या फटीत अडकलेला खाऊ ब्रशाने सहज निघत नाही. आंबापोळी व फणसपोळी हे आपल्या जिल्ह्याचे आवडते जिन्नस याच फटीत चिकटून राहतात आणि चहात बुडवलेले बिस्किटही तेथेच जाऊन बसते. कीड या फटीत सुरू झाली म्हणजे ती एका बाजूपुरती राहत नाही, तर दाढेच्या बाजूवर व माथ्यावर अशी दोन्हीकडे पसरते. पदार्थाची निवड करताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. माथ्यावरचा एकटा खळगा भरणे सोपे असते. फटीतून फुटलेली दाढ भरून टिकवणे कठीण असते.

३. भरण्याचे पदार्थ

चांदी. ‘चांदी भरणे’ हा शब्दप्रयोग सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात त्या मिश्रणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. चांदी, कथील व तांबे यांची पूड त्यात कालवलेली असते. हे मिश्रण मजबूत आहे, थोडा ओलावाही सहन करते आणि दीडशेहून अधिक वर्षे जगभर वापरात आहे. त्याचा दोष असा की, ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून दाताचा चांगला भागही कोरावा लागतो, आणि दूधदातात मुळातच असा वाव थोडा असतो.

पाऱ्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावी कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांत उतरला आणि ते मासे खाणारी माणसे व्याधिग्रस्त झाली. १९५६ साली हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. हा रोग दातांतील चांदीमुळे झालेला नव्हता. परंतु पाऱ्याचा वापर सर्वच क्षेत्रांत कमी करण्यासाठी २०१३ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास त्या गावाचे नाव देण्यात आले. भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. २०२२ साली करारातील देशांनी असे ठरविले की, दूधदातांत, १५ वर्षांखालील मुलांत, तसेच गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत दंतवैद्यास आवश्यक वाटल्याखेरीज चांदी भरण्याचे टाळावे. मासळीवर जगणाऱ्या आपल्या किनाऱ्याला या निर्णयाचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको. मात्र मुलाच्या दातात पूर्वी भरलेली चांदी शाबूत असेल, तर केवळ भीतीपोटी ती उकरून काढण्याचा हट्ट धरू नये.

सिमेंट. दवाखान्यात ज्यास ‘सिमेंट भरणे’ म्हणतात, ते आज बहुधा ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट असते. काचेची विशिष्ट पूड व आम्ल यांच्या संयोगाने ते बनते. लंडनमधील सरकारी रसायनशाळेत विल्सन व केंट या शास्त्रज्ञांनी ते शोधले आणि १९७० नंतरच्या दशकात ते प्रचारात आले. त्याचा मोठा गुण हा की, ते दाताशी रासायनिक रीतीने जुळते. त्यामुळे चांगला भाग कोरावा लागत नाही. त्यातून फ्लोराइड हळूहळू पाझरते आणि ते काही मिनिटांतच घट्ट होते.

या सिमेंटमुळे विजेवाचूनही दात भरता येतो. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील टांझानिया देशात ही पद्धत आकारास आली. हाताच्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढावयाची आणि खळग्यात सिमेंट दाबून भरावयाचे, एवढीच तिची कृती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली तिचा पुरस्कार केला. यंत्राच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलासही ती सोसते. तिचा उपयोग माथ्यावरच्या एका खळग्यापुरता केला, तर फळ चांगले मिळते. दोन दाढांच्या फटीतील मोठा खळगा मात्र या सिमेंटने भरल्यास ते चावण्याच्या दाबाखाली झिजते, तुटते किंवा निघून येते. ‘सिमेंट टिकत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा सिमेंटचा दोष नसून जागेची चुकीची निवड असते.

दाताच्या रंगाचे भरण. यास कंपोझिट म्हणतात. निळ्या प्रकाशाच्या दिव्याने ते कठीण करतात. ते दिसावयास सर्वांत चांगले असते आणि सिमेंटहून मजबूत असते. परंतु भरताना दात पूर्ण कोरडा राहिला पाहिजे. लाळेचा स्पर्श झाला, तर ते दाताला नीट धरत नाही. सबब, जे मूल वीस-पंचवीस मिनिटे तोंड उघडून स्वस्थ बसू शकते, त्याच्याच बाबतीत हा पदार्थ आपले गुण दाखवतो.

४. टोपी केव्हा हवी?

कीड फटीतून फुटून दाढेच्या दोन-तीन बाजू गेल्या असतील, किंवा कीड गाभ्यापर्यंत पोहोचल्यामुळे गाभ्याचा वरचा भाग काढून औषध भरावे लागले असेल, तर अशा दाढेची उरलेली भिंत ठिसूळ असते. भोक बुजवून तेथे भागत नाही. संपूर्ण दाढेवर टोपी चढवावी लागते.

दूधदाढांसाठी स्टेनलेस स्टीलच्या तयार टोप्या १९५० पासून वापरात आहेत. त्या निरनिराळ्या मापांच्या मिळतात. दंतवैद्य माप जुळवून, कडा दाबून, सिमेंटने ती बसवतो. टोपी पातळ परंतु चिवट असते. दूधदाढ पडण्याची वेळ आली म्हणजे टोपीसकट पडते, ती वेगळी काढावी लागत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की, किडलेल्या दूधदाढांवर टोपी बसविल्यास पुढे दुखणे वा पू होण्याचा संभव साध्या भरणापेक्षा कमी असतो.

स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी १९८० नंतरच्या काळात याच टोपीचा एक सोपा उपयोग केला. कीड न कोरता, इंजेक्शन न देता, त्या टोपीत सिमेंट भरून ती दाढेवर दाबून बसवीत. त्यांच्या नोंदी तपासून २००६ साली प्रसिद्ध करण्यात आल्या. पुढे त्याच देशात १३२ मुलांवर रीतसर तुलना झाली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर अशी टोपी बसविली व दुसरी नेहमीच्या पद्धतीने भरली. पाच वर्षांनंतर टोपीच्या दाढांपैकी शेकडा सुमारे ३ दाढांत दुखणे वा पू असा गंभीर बिघाड झाला होता. भरलेल्या दाढांत हेच प्रमाण शेकडा सुमारे १६ होते. याचे कारण असे की, आत कोंडलेल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते आणि कीड तेथेच थांबते. मात्र ही पद्धत सरसकट सर्व दाढांना लागू नाही. रात्री आपोआप ठणकणारी, हिरडीवर पुळी आलेली किंवा गाभ्यापर्यंत किडलेली दाढ अशी झाकू नये. ते दंतवैद्याने तपासून, शक्यतो क्ष-किरण चित्र काढून, ठरवावयाचे असते.

पांढऱ्या झिरकोनियाच्या टोप्याही आता मिळतात. त्या सुंदर दिसतात. परंतु त्यांच्यासाठी दात अधिक घासावा लागतो, मूल अधिक वेळ स्वस्थ बसावे लागते आणि खर्च पुष्कळ जास्त येतो. मागच्या दाढेसाठी, जी हसतानाही क्वचितच दिसते, एवढा खर्च करावा की नाही, याचा पालकांनी विचार करावा. पुढच्या दातांची गोष्ट निराळी. तेथे चावण्याचा दाब कमी असतो आणि दिसण्याचे महत्त्व अधिक असते. म्हणून तेथे कंपोझिट, अथवा पारदर्शक साच्यात कंपोझिट भरून केलेली टोपी, सोयीची पडते.

ज्या मुलावर कोणतेही काम करणे तूर्त अशक्य आहे, त्याच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव औषध आहे. ते किडीवर लावल्यास बहुतेक ठिकाणी कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर सिमेंटबरोबर त्याचाही समावेश केला. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, ही गोष्ट पालकांना आधीच सांगितली पाहिजे. त्याने भोक बुजत नाही, आणि ते पुन्हा लावावे लागते.

५. आपल्या जिल्ह्यात निवड कशी करावी?

पुस्तकात पदार्थांची तुलना मजबुती, रंग व किंमत यांवर होते. रत्नागिरी जिल्ह्यात चौथी एक कसोटी धरली पाहिजे, ती म्हणजे खेपांची. मंडणगडच्या एखाद्या वाडीवरून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आहे. वाडीतून रस्त्यापर्यंत पायी, तेथून तालुक्यापर्यंत एस.टी., तेथून पुढची गाडी, असा प्रवास करून आई मुलाला नेते तेव्हा तिचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. भातलावणीच्या दिवसांत तर ती निघूच शकत नाही. स्वस्त भरण दोनदा निघून आले आणि तीन खेपा झाल्या, तर ते स्वस्त राहिले असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या खेपेस पुष्कळदा दाढ काढूनच मूल घरी येते.

तीन उदाहरणे घेऊ.

पहिले : वय सहा, दुसऱ्या दूधदाढेच्या माथ्यावर एक खळगा, दुखत नाही, मूल घाबरट. येथे ग्लास आयोनोमर सिमेंट पुरेसे आहे आणि एका बैठकीत काम होते.

दुसरे : वय पाच, पहिल्या दूधदाढेची मागची बाजू फटीतून फुटलेली, दुखणे नाही. दाढेला अजून चार-पाच वर्षे काढावयाची आहेत. येथे स्टीलची टोपी सर्वांत हिशोबाची. दंतवैद्यास एवढे विचारावे की, टोपीपूर्वी दाढांमध्ये रबरी कडी घालून जागा करण्यासाठी वेगळी खेप लागेल काय.

तिसरे : वय साडेदहा, दुसरी दूधदाढ किडलेली, परंतु हलू लागलेली. येथे दाढ स्वच्छ ठेवून पडण्याची वाट पाहावी की काढावी, एवढाच प्रश्न उरतो. टोपीचा खर्च व्यर्थ होय.

टोपीला होणारा विरोध बहुधा तिच्या रंगाचा असतो. त्यासंबंधी असे संभाषण घडू शकते :

‘गुरुजी, पोराच्या तोंडात लोखंड कशाला? मुले चिडवतील.’

‘ताई, ते लोखंड नव्हे. तुमच्या घरच्या ताटवाटीसारखे न गंजणारे पोलाद आहे. दाढ मागची आहे, ती कोणाला दिसणार? आणि दाढ पडेल तेव्हा टोपीही तिच्याबरोबर जाईल.’

‘मग सिमेंटच का नको?’

‘भिंतीला भोक पडले तर गिलावा चालतो. भिंतच ढासळली, तर गिलावा कशावर धरणार?’

६. शिक्षकाचे काम

२०१३ च्या फेब्रुवारीत, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमान्वये आरोग्यपथकाने अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासावयाचे असते, आणि दंतविकार हा त्या तपासणीचा एक भाग आहे. पथकाने पुढे पाठविलेले मूल प्रत्यक्ष दवाखान्यात गेले की नाही, हे मात्र शाळेलाच चांगले कळते. यास्तव पुढील गोष्टी कराव्यात.

(अ) पथक येण्यापूर्वी प्रत्येक मुलास खिडकीच्या उजेडात उभे करून तोंड पाहावे. कोणतेही अवजार अथवा बोट तोंडात घालू नये. दिसलेला खळगा, काळा डाग व हिरडीवरची पुळी यांची नोंद करावी.

(आ) नोंदीत चार रकाने ठेवावेत : मुलाचे पूर्ण वय, दात पुढचा की दाढ, रात्री दुखते काय, आणि दवाखान्यात गेल्याची तारीख. या चार गोष्टी कागदावर लिहून पालकाबरोबर दिल्या, तर दंतवैद्याचेही काम सोपे होते.

(इ) गाल सुजणे, ताप येणे किंवा तोंड उघडता न येणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी मुलास दवाखान्यात पाठवावे.

(ई) जिल्हा रुग्णालयाचा दंतविभाग, तसेच खेड येथील योगिता दंत महाविद्यालय, यांच्या वेळा व शुल्क यांची चौकशी केंद्रप्रमुखांमार्फत करून ती शाळेच्या फलकावर लावावी. उत्तरेकडील तालुक्यांना खेड जवळ पडते.

(उ) टोपी बसविलेले मूल काही दिवस ‘दात उंच लागतो’ असे म्हणते. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. तोवर त्यास धीर द्यावा आणि वर्गात कोणी चिडवत असेल तर त्यास आवरावे. चिकट खाऊ त्या बाजूने चावू देऊ नये. टोपी असली तरी दाढेच्या कडेशी ब्रश फिरलाच पाहिजे, कारण तेथील हिरडी स्वच्छ राहिली नाही तर ती सुजते.

सारांश, दूधदातासाठी सर्वांत पांढरा किंवा सर्वांत स्वस्त पदार्थ तो उत्तम पदार्थ, असे नव्हे. जो त्या दाताला त्याच्या नेमलेल्या दिवसापर्यंत, शक्य तितक्या थोड्या खेपांत व थोड्या त्रासात पोहोचवतो, तो उत्तम. प्रत्येक दूधदात आपल्यामागून येणाऱ्या दाताची जागा राखून बसलेला असतो. त्याची पाळी संपेपर्यंत त्यास तेथे बसू देणे, एवढेच या सर्व खटाटोपाचे प्रयोजन आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील सहा वर्षांवरील किती मुलांची पहिली कायमची दाढ उगवली आहे? त्यांच्या पालकांना ती कायमची असल्याचे ठाऊक आहे काय?

२. आठ वर्षांच्या मुलाची दुसरी दूधदाढ फटीतून फुटली आहे. तिला किती वर्षे टिकावयाचे आहे? त्यावरून भरण योग्य की टोपी, ते सकारण सांगा.

३. आपल्या शाळेतून सर्वांत जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन येण्यास किती वेळ व किती भाडे लागते? एक खेप व तीन खेपा यांच्या खर्चाची तुलना करा.

४. मागील तपासणीत दातांसाठी पुढे पाठविलेल्या मुलांपैकी किती मुले प्रत्यक्ष गेली? न गेलेल्यांची कारणे लिहून काढा.